दापोडी ते चाकण, व्हाया कुरुळीची पंगत

दापोडीहून चाकणला सायकलनं जायचा विचार असेल तर माझा पहिला सल्ला असा, की वाटेत कोणी सोयरेधायरे राहत नाहीत ना, याची आधी चौकशी करा. रस्ता, हवा, पंप, ट्यूब या गोष्टी नंतर. नातीनं हा ब्लॉग काढून देताना बजावलं होतं, "आजोबा, लोकांना उपयोगी पडेल असं लिहा," म्हणून उपयोगाचं ते आधीच सांगून मोकळा झालो. आता प्रवास सांगतो. तो केला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झाली होती आणि पिंपरीच्या माळावर कारखान्यांच्या भिंती नुकत्या कुठं वर येत होत्या. आज त्या चाकण रस्त्यावर कंटेनरमागं कंटेनर उभा असतो. तेव्हा एक एसटी गेली की दुसरी येईपर्यंत धूळ निवांत खाली बसायची.

अक्काचं लग्न ठरलं नसतं तर मी शर्यतीच्या फंदात पडलोच नसतो. आमच्या घरात सायकल एकच, अप्पांची. काळी, उंच, चेनकव्हरची, मागं भक्कम कॅरिअर. अप्पा तिच्यावरून खडकीच्या कारखान्यात जात आणि त्यांची पाळी संपली की ती माझ्या ताब्यात येई. ती जास्त वेळ हातात राहावी म्हणून मी अख्ख्या गल्लीचं दळण आणायचं पत्करलं होतं. कॅरिअरवर ज्वारीचं पोतं टाकून रुळाच्या कडेकडेनं गिरणीपर्यंत जीव खाऊन सायकल हाणायची, शेजारून पॅसेंजर चालली असली तर तिच्याशी चढाओढ लावायची आणि ती स्टेशनात थांबली की आपण जिंकलो असं धरायचं, हा माझा रोजचा कार्यक्रम. गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "वशाकडून पीठ कसं गरम गरम येतं." पीठ गिरणीतूनच गरम येतं, पण ते त्यांना सांगायची मला काही गरज वाटली नाही.

मग कुरुळीचं स्थळ आलं. मुलगा नामदेव, घरची विहीर-बागाईत, वडील तात्या म्हणजे गावातलं वजनदार माणूस. आधीच्या सगळ्या स्थळांना अक्कानं तोंडावर नकार दिला होता आणि त्यामुळं नातेवाइकांत तिचं भलतंच नाव झालं होतं. या वेळी मात्र पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "वशा, मला हे घर आवडलंय. तू काही घोळ घालू नकोस." मी कशाला घोळ घालतोय? पण सुपारी फुटताना तात्यांनी जावयाला सायकल मागितली, अप्पांनी हो म्हटलं, आणि नवी घ्यायची ऐपत नव्हती म्हणून आहे तीच रंग देऊन द्यायचं ठरलं.

"आणि तुम्ही कामावर कसे जाणार?" आईनं विचारलं.

"पाय आहेत की मला," अप्पा म्हणाले. त्या पायांचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात कर्णा लावलेला एक टांगा दापोडीत आला. चाकणच्या कुणा शेठजींनी बाजारपेठेत सायकलचं दुकान काढलं होतं आणि त्याची जाहिरात म्हणून दापोडी ते चाकण शर्यत ठेवली होती. वय अठराच्या आत, प्रवेश फी आठ आणे, पहिल्या नंबराला कोरी करकरीत सायकल. ऐकण्यात चूक नको म्हणून मी त्या टांग्यामागं पार कासारवाडीपर्यंत पळालो. जिंकलो तर नवी नामदेवला आणि जुनी आमच्याकडेच. हरलो तर अप्पा पायी आणि मी दळण डोक्यावर घेऊन. इतकं सरळ होतं सगळं.

शर्यतीला उतरणारी पोरं सायकलचं कॅरिअर, स्टँड, मडगार्ड काढून तिला हलकी करतात, हे मी ऐकून होतो. पाना हातात घेतला तोच अप्पा आडवे आले. "ती आता जावयाची वस्तू आहे. तिच्या अंगावरचा एक दागिना उतरवायचा नाही. आणि ओरखडा पडला तर बघ." मग आईनं आणि अक्कानं जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून सायकलच्या सगळ्या नळ्या गुंडाळल्या. काम झाल्यावर ती नुकतीच दवाखान्यातून आणल्यासारखी दिसत होती.

रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा पोरं स्टेशनाबाहेरच्या वडाखाली जमलो. मार्गशीर्षातली थंडी होती. पंच म्हणून चाकणच्या शाळेतले कवायतीचे मास्तर आले होते. खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी, आणि बसायला कांद्याचा रिकामा ट्रक. ट्रक शर्यतीच्या मागून येणार आणि मास्तर त्यात उभं राहून लबाडी पकडणार, अशी व्यवस्था होती. अक्कानं माझ्या खिशात आलेपाकाच्या वड्या कोंबल्या. "कुरुळीतून जाताना मान खाली घाल. कोणी ओळखलंच तर नमस्कार कर आणि सूट," ती म्हणाली. शिट्टी वाजली. माझी गल्ली "दळणवाला पुढं, दळणवाला पुढं" असं ओरडत थोडं अंतर मागून पळाली, आणि खरोखरच मी पुढं होतो.

फाट्यावरून नाशिक रस्त्याला लागलं की भोसरी. इथल्या हॉटेलातला चहा फार गोड आणि भजी फार चांगली, पण ती मी नंतर कधीतरी खाल्ली. त्या दिवशी तालमीतले पैलवान लंगोटावर टॉवेल गुंडाळून रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे होते. शर्यत पाहायची त्यांना सवय नव्हती, कुस्ती पाहायची होती. त्यामुळं ते सवयीनं "धर त्याला! सोडू नगंस!" असं ओरडत होते. शेवटी एकाला राहवलं नाही आणि त्यानं माझ्या मागून येणाऱ्या पिंपरीच्या पोराला खरंच धरलं. त्या पोराला सोडवायला मास्तरांना ट्रकमधून उतरावं लागलं आणि ट्रक तिथंच खोळंबला, असं मला पुढं कळलं.

मोशीच्या उतारावर, इंद्रायणीचा पूल दिसायला लागला तेव्हा माझ्या शेजारी एक सायकल आली. तिच्यावर आळंदीचा दिगंबर. तिथल्या पाठशाळेतला विद्यार्थी, कपाळाला गंध, गळ्यात माळ, धोतराचा काचा मारलेला.

"राम कृष्ण हरी," तो म्हणाला.

"बाजूला हो," मी म्हणालो.

पुलानंतर चिंबळीचा चढ लागतो. आजही जाणार असाल तर इथं दम राखून ठेवा. मला मात्र पाठीमागं पोतं नसलेला चढ हा चढ वाटतच नव्हता. मी उभा राहून पायडलं मारली आणि मागं वळून पाहिलं तर दिगंबर बोटभर दिसत होता, बाकीचे दिसतच नव्हते. कुरुळी पार केली की चाकण आलंच. नवी सायकल मिळाली, असं मी मनात म्हणून टाकलं.

कुरुळीच्या तोंडाशी रस्त्यात दोन बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या. त्यांच्यापुढं हलगीवाला, त्याच्यापुढं फेटे बांधलेले दहा-पंधरा बाप्ये आणि सगळ्यांच्या पुढं तात्या, हात जोडून.

"या या, पाव्हणं! आलं रं आलं, सोयरं आलं!"

हलगी कडाडली. मी ब्रेक दाबले. "तात्या, शर्यत आहे!" मी ओरडलो.

"हाय की! ठावं हाय आमाला. म्हनून तर सकाळधरनं पुरान घातलंय. सुनंचा सख्खा भाऊ आमच्या दारावरनं उपाशी गेला तर लोकं त्वांडात श्यान घालतील आमच्या."

"मी मागून येतो ना..."

"मागून म्हणून पळून जाशीला व्हय? उतरा, उतरा."

अक्कानं सांगितल्याप्रमाणं मी नमस्कार केला. सुटणं काही जमलं नाही. दोघांनी मला सायकलवरून जवळजवळ उचललं, कुणीतरी सायकल नेऊन गोठ्यात सावलीला लावली, आणि ओसरीवर एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या पायांवर गरम पाणी ओतायला सुरुवात केली. तेवढ्यात दिगंबर आला. तो पुढं निसटणार म्हणून माझा जीव खालीवर होत होता, पण तात्यांनी त्यालाही हेरलं. "तुमी आमच्या सोयऱ्यांच्या संगतीचं न्हवं? मग तुमी बी पाव्हणंच." मग जो जो येईल तो तो पकडला गेला. अर्ध्या तासात दापोडी-चाकण शर्यत अख्खीच्या अख्खी तात्यांच्या पडवीत पाटांवर बसली होती आणि गोठ्यात सगळ्या सायकलींना हळदीकुंकू लागलं होतं.

पानं वाढली. दूध, तूप, पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, भात. मी शेजारच्या दिगंबरला हळूच म्हणालो, "लवकर आवर." तर एका आजोबांनी त्याच्या गळ्यातली माळ पाहून फर्मावलं, "आळंदीचं दिसताय. म्हणा श्लोक." दिगंबरनं डोळे मिटले आणि श्लोक म्हटला. कुणीतरी "वा" म्हणालं, म्हणून दुसरा म्हटला. मग त्याला थांबताच येईना. मी पाटाखालून त्याला चिमटा काढला तर त्याची पट्टी आणखी चढली.

पंगतीचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आमच्या पंगतीत शेवटचा माणूस कोण हे पहिल्या घासापासूनच स्पष्ट होतं. पंगतीच्या टोकाला तात्यांचे वडील, थोरले आबा बसले होते. तोंडात एकही दात नव्हता. पोळीचा एक तुकडा ते दुधात बुडवायचे, तो मऊ होईपर्यंत आम्हाला एखाद्या बैलाची हकीकत सांगायचे, मग तुकडा तोंडात घालायचे. दहा-बारा जवान पोरांचे डोळे आबांच्या ताटावर खिळले होते. अर्धी पोळी उरली. चतकोर उरली. चिखलीचा एक पोरगा तर पाटावरून अंग उचलून तयारच झाला.

"आजून आमटी वाढ गं पोरी," आबा म्हणाले. साऱ्या शर्यतीनं सुस्कारा टाकला.

शेवटी एकदाचे आबा हात धुवायला वळले आणि नेमका तेव्हाच ट्रक येऊन थांबला. मास्तर शिट्टी वाजवतच आत शिरले. "काय चाललंय काय हे? शर्यत आहे का बारसं?"

"मास्तर, आदी पाय धुवा," तात्या म्हणाले.

मास्तरांनी पोळीवर सुटलेली तुपाची धार पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरची कवायत हळूहळू मोडत गेली. ते पाटावर बसले आणि पंगत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, कारण आता शेवटचा माणूस मास्तर होते. "तोवर पोरांस्नी एकेक पोळी वाढा, नुसतं बसून काय करत्याल," आतून आवाज आला. त्या दिवशी मी किती पोळ्या खाल्ल्या ते विचारू नका. प्रत्येक पोळी वाढताना कुणीतरी अक्काचं नाव घ्यायचं. नको म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि मला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं.

जेवून उठल्यावर मास्तरांनी ढेकर देऊन निकाल सांगितला. "जे पंगतीला बसले ते सगळे बरोबरीत. इथून पुन्हा सुरुवात." माझी सारी आघाडी पुरणात गेली. शिट्टी वाजली, सगळे गोठ्याकडं धावले. मीही धावलो, तर तात्यांनी माझा दंड धरला. "तुमी कुटं? तुमचा मान राह्यलाय अजून." मग विडा, नारळ, उपरणं. मग एका चुलत्यानं माझ्या डोक्याला भलामोठा केशरी फेटा बांधायला घेतला. पहिला बांधलेला त्याच्या मनाला येईना म्हणून सोडून पुन्हा बांधला. आणि एवढं झाल्यावर पाहुण्याला वेशीपर्यंत चालत पोचवायचं असतं, म्हणून नामदेव सायकल हातात धरून माझ्याबरोबर निघाला.

"येवडी घाई कशापायी करतोस?" त्यानं विचारलं. नामदेव तसा अबोल, तोवर आम्ही चार शब्दही बोललो नव्हतो.

मी सगळं सांगून टाकलं. "जिंकलो तर नवी सायकल तुम्हाला. हरलो तर आहे ती तुम्हाला, आणि अप्पा रोज खडकीला पायी."

नामदेव थांबला. वेस अजून बरीच लांब होती. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि तिथल्याच एका बाभळीकडं बोट दाखवलं. "ही येस हाय आसं समज. पळ."

मी सुटलो. पुढं जे दिसलं ते मी आयुष्यात पुन्हा कुठल्या शर्यतीत पाहिलं नाही. भरल्या पोटी सायकलवर उड्या मारलेले माझे प्रतिस्पर्धी चाकणपर्यंतच्या रस्त्यावर ठिकठिकाणी पडले होते. एक बांधावर पोट धरून बसला होता. एक निंबाखाली घोरत होता. चिखलीचा पोरगा सायकल हातात धरून चालत होता आणि मला पाहून म्हणाला, "भावा, तुझ्या बहिणीचं घर चांगलं हाय, पण लई खायला घालत्यात." मी मात्र बाभळीपर्यंत चाललो होतो, त्यामुळं माझं पोट जरा जागेवर आलं होतं. वाटेत ट्रक हॉर्न वाजवत माझ्या पुढं निघून गेला. त्यात मास्तर होते, तात्या होते, नामदेव होता आणि शर्यत बघायला निघालेली अर्धी कुरुळी होती.

चाकणच्या बाजारपेठेत शिरताना पुढं एकटा दिगंबर उरला. श्लोक म्हणण्याच्या नादात त्यानं जेमतेम चार घास खाल्ले होते. दुतर्फा कांद्याची पोती, त्यांच्यावर चढलेली माणसं, आणि समोर दुकानाच्या दारात झेंडूच्या माळा घातलेली ती नवी सायकल. मी त्याला गाठलं. आमची पुढची चाकं बरोबरीला आली. मी चाकभर पुढं गेलो. आणि माझा फेटा सुटला.

त्याचं टोक आधी पाठीवर आलं, मग वारा भरून मागच्या चाकाकडं जायला लागलं. डोक्यावरचा पीळ कानावर घसरला. शर्यत संपायची म्हणून आडव्या धरलेल्या दोरीपाशी तात्या उभे होते, त्यांची सगळी भावकी उभी होती. मानाचा फेटा धुळीत पडू द्यायचा म्हणजे त्या घराचा मान त्यांच्यादेखत धुळीत टाकायचा, आणि त्या घरात अक्काला नांदायचं होतं. विचार करायला वेळच नव्हता. माझा उजवा हात आपोआप डोक्यावर गेला, हँडल लटपटलं, आणि दिगंबर वीतभर पुढं निघून दोरी घेऊन गेला.

"राम कृष्ण हरी," तो धापा टाकत म्हणाला. तो बिचारा चांगला होता, पण त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. दुसऱ्या नंबराला टॉर्च मिळाली. मी शेजारच्या कांद्याच्या वखारीत जाऊन पोटभर रडलो. वखारीत रडणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, ही चाकणची मोठीच सोय आहे.

परतीचा रस्ता सोपा, वारा पाठीवर. कुरुळीत मात्र मी मुख्य रस्ता सोडला आणि शेतातून, गाडीवाटेनं, सायकल उचलून पाटाचं पाणी ओलांडत गेलो, कारण संध्याकाळच्या चहाची वेळ झाली होती. घरी पोचलो तेव्हा अप्पा दारातच होते. त्यांनी फेटा पाहिला, टॉर्च पाहिली. लुगड्याच्या पट्ट्या सोडून सायकलवर ओरखडा नाही ना एवढं पाहिलं आणि म्हणाले, "जेवून घे." जेवणाचं नाव काढताच मी मोरीकडं धावलो.

लग्न आमच्या दारात, दापोडीलाच झालं. काळा रंग दिलेली सायकल नामदेवच्या मागं खांबाला टेकवून ठेवली होती, आणि अप्पा महिनाभर आधीपासूनच सवय व्हावी म्हणून पायी कामावर जात होते. विधी चालू असताना भटजींनी मला पुढं बोलावलं. कानपिळीची वेळ झाली होती. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट वागव म्हणून बजावायचं, आणि नवऱ्यानं टोपी नाहीतर सदऱ्याचं कापड देऊन कान सोडवून घ्यायचा. भर मंडपात कबूल केलेली वस्तू मग द्यावीच लागते. मी नामदेवचा कान दोन बोटांत धरला आणि बेताचा पिळला.

"जोरात पीळ," तो ओठ न हलवता म्हणाला.

"काय?"

"आरं जोरात. मला वरडायचं हाय."

मी दळणाचं पोतं बांधताना दोरीला देतो तसा पीळ दिला.

"आई आई आई गं! सोड मर्दा, सोड!" नामदेवनं मंडप डोक्यावर घेतला. वाजंत्री थांबली. बायका हसायला लागल्या.

"टोपी दे त्येला!" तात्या मागून ओरडले.

"टोपीनं सोडत न्हाई त्यो, तात्या! सायकल मागतोय!"

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. तात्यांनी खांबाला टेकलेल्या सायकलकडं पाहिलं, मग माझ्याकडं. अक्कानं मान खाली घातली होती, पण तिचे खांदे हलत होते. नामदेव आणखी मोठ्यानं किंचाळला. अखेर थोरले आबा खेकसले, "आरं देऊन टाक की, पोराचा कान तुटंल!"

"दिली!" तात्या म्हणाले.

"आता सोड की," नामदेव हळूच म्हणाला. "खरंच दुखाय लागलंय."

अशा रीतीनं सायकल मंडपाच्या एका खांबावरून उचलली आणि दुसऱ्या खांबाला टेकवली. अप्पा उपरण्यानं डोळे पुसत होते, आणि आई त्यांना धूर लागला का विचारत होती. त्यानंतर मी खूप शर्यतींत उतरलो, पुण्यात, साताऱ्यात, काही जिंकल्याही. त्यांतल्या कशाचीही मला एवढी आठवण येत नाही.

सोमवारी अप्पा सायकलवर बसून कामाला गेले. संध्याकाळी मी कॅरिअरवर पोतं टाकलं, पायडलवर पाय ठेवला आणि नेहमीसारखी आत हाक मारली, "अक्का, मागून जरा ढकल गं." थोड्या वेळानं आई बाहेर आली, तिनं पोत्याला हात लावला आणि ढकललं. सायकल घरात राहावी म्हणून मी एवढा जिवाचा आटापिटा केला होता, आणि अक्का जाणार आहे हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. गिरणीपर्यंत मी त्या दिवशी सायकल हातात धरून चालत गेलो.

पुढच्या रविवारी सकाळीच कुरुळीला निघालो. मोशीच्या उतारावर दोन पोरं मला मागं टाकून गेली. मी त्यांना जाऊ दिलं.